दुसऱ्या अंकात मरणारा साहेब

साहेब, तुझ्या जागी माणूस मिळालाय. दुबईचं मराठी मंडळ गणपतीनंतर आपलं नाटक पुन्हा करतंय, आणि सेक्रेटरींनी नवा गोरा शोधून आणलाय. रशियन. मी फोनवर ओरडलेच, "अहो, काय बोलताय काय तुम्ही?" तर म्हणतात, "मॅडम, ऑडियन्सला काय कळतंय? गोरा तो गोरा. आणि तेही तिकडचेच ना सगळे?" तिकडचेच! कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे त्यांचा, एक टाइल फुटली की दुसरी बसवायची, एवढंच ठाऊक. वर म्हणाले, सुरुवातीला तुझा युनिफॉर्ममधला फोटो पडद्यावर दाखवू, खाली स्पॉन्सरचा लोगो. मी फोनच ठेवला. पण नाटक मी बसवते, त्यामुळे हो की नाही ते मलाच म्हणायचं होतं.

अल मनखूलच्या आमच्या हॉलमध्ये तू पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो. सोफा बाल्कनीत ढकललेला, मी वडे तळतेय. युक्रेनमध्ये, तुझ्या गावच्या थिएटरात, तू मोठमोठ्या भूमिका केलेल्या. दुबईत मात्र पोटासाठी मॉलमध्ये समुद्री चाच्याचा वेश घालून मुलांबरोबर फोटो काढत होतास. आमच्याकडे तरी काय, तर दुसऱ्या अंकात गोळी खाऊन मरणारा इंग्रज साहेब. मराठी वाक्यं तू तुझ्या लिपीत लिहून घेतलीस, सगळ्यांसारखं मला ताई म्हणायला लागलास, मुहूर्ताच्या नारळाला नमस्कार कसा करायचा तेही विचारून घेतलंस. मग आमचा क्रांतिकारक मरायला लागला. छातीवर हात, भारतमातेला हाक, पाऊण पान भाषण. तू वडा हातात धरून बघत राहिलास आणि म्हणालास, "ताई, हा कधी मरणार? वडा गार झाला." काय हसलो आम्ही! त्या दिवसापासून तू आम्हा सगळ्यांना पडायला शिकवलंस. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदा. डोकं कधीच टेकवायचं नाही. "डोकं सांभाळा, उद्या परत शो आहे." बँकेतले, ऑइल कंपनीतले ढेरपोटे गृहस्थ माझ्या गालिच्यावर धडाधड पडतायत आणि माझी लेक दारातून म्हणतेय, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग."

मग तुमच्याकडे युद्ध सुरू झालं. आमचा प्रयोग तोंडावर. जुमेरा लेक टॉवर्सला माझ्या ऑफिसखाली तू आलास, डबीतली खोटी मिशी परत करायला. "खलास, ताई. घरी जातो." मी चिडले. "अरे, नट आहेस तू. बंदूक चालवता येते का तुला?" तू म्हणालास, "नाही. पण गोळी खाता येते," आणि हसलास. मला तेव्हा हसू आलं नाही, आजही येत नाही. मंडळात लोक तुझ्यावरच भडकले, ऐनवेळी तोंडघशी पाडलं म्हणून. सेक्रेटरींच्या मेव्हण्याला पावडर फासून उभं केलं आम्ही. नंतर तुझा एकच व्हॉइस मेसेज आला. "ताई, मी चुकीचं शिकवलं. इथे कोणी तसं पडत नाही. माणूस आधी खाली बसतो, दमल्यासारखा. मग उठत नाही. नाटकात बदल कर." मी 'ओके, टेक केअर' लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? उन्हाळा संपायच्या आत तुझ्या बायकोचा मेसेज आला. तू गेलास, एवढंच होतं त्यात. कसा, ते नव्हतं, आणि तिला विचारायची माझी छाती झाली नाही. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लगेच फुलं पडली. तुला नावं ठेवणाऱ्यांचीच आधी.

काल तो नवा आला. तोही नट, लढायला न्यायला लागले तसा पळून आलेला. ही जागा कोणाची होती, तू कुठे गेलास, सगळं मी त्याला तोंडावर सांगितलं. वाटलं, जाईल निघून. तो उभाच राहिला. मग म्हणाला, "तो कसा पडायचा, दाखवाल?" मी ओढणी खोचली आणि या दुखऱ्या गुडघ्यांनी पडून दाखवलं. मग त्याला पाडलं. पुन्हा. यल्ला, चल, पुन्हा. कोपर सोलवटलं त्याचं, तरी मी थांबेना. शेवटी सेक्रेटरीच म्हणाले, "मॅडम, बास करा हो." कोणावर काढत होते मी राग? त्याच्यावर, आणि तुझ्यावर त्याहून जास्त. चाच्याचे फोटो काढत जगला असतास रे, काय बिघडलं असतं! पुढच्या खेपेला तो पडला नाही. दमून तिथेच खाली बसला, आणि बसूनच राहिला. "बसू नकोस! ऊठ आधी!" मी मराठीतच ओरडले. तो घाबरून उठला. मग मी त्याच्या कोपराला हळद लावली, वडा दिला, आणि तुझी भूमिकाही दिली. फोटो आणि लोगोला मात्र साफ नाही म्हटलं.

तुझा नंबर अजून फोनमध्ये आहे, पण हे कुठे पाठवत नाही मी. तुला मराठी बोलता येत होतं, वाचता कुठे येत होतं? एक तेवढं सांगते. तू सांगितलेला बदल मी केलेला नाही, करणारही नाही. आमचा साहेब पडतो, आधी गुडघे, मग कंबर, मग खांदा. तूही तसाच पडलास असंच मी धरून चालते. डोकं सांभाळून.