भिवाचं पान

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

अथर्वने बाबांच्या ट्रंकेतल्या कागदांचे फोटो पाठवले. त्यात गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल आहे. मूळ मोडीत. खाली बाबांनी पेन्सिलने उतरवून ठेवलंय — "सावळा भिवा तारी, मयत १८ मार्च १८९९." त्याखाली त्यांचीच एक ओळ — "मुलगा भिवा बोटीवर. आला नाही."

पेन्सिल दाबून लिहिलीय. कागद तिथे फाटत आलाय.

पुढच्या रविवारी बाबांना जाऊन सहा महिने होतील. मी इथेच होतो, अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये. सगळं धाकट्या भावाने, अथर्वनेच केलं.

६ ऑगस्ट

भिवा म्हणजे बाबांचा पणजोबा. विलायती बोटींवर खलाशी होता. गावी मूल टाकून गेला, बापाच्या तेराव्याला आला नाही, नंतरही कधी आला नाही. एवढंच घरात माहीत आहे.

सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचंही पान आमच्याकडे वाढतात. भिवाचं मात्र कधीच वाढलं नाही. बाबा म्हणायचे, "जो बापाच्या तेराव्याला येत नाही, त्याला आपण कशाला जेवायला बोलवायचं?" आम्ही हसायचो.

त्याला येता आलं नसेल. ते शोधायचं आहे.

१० ऑगस्ट

जुन्या बोटींच्या खलाशी-याद्या लंडनच्या एका अभिलेखागारात आहेत. गाव, बापाचं नाव, वय — सगळं लिहीत असत. ईमेल केली.

आमच्या लायब्ररीत वंशावळी शोधायला मदत करणाऱ्या मिसेस नोवाक आहेत. स्वतःचे पोलिश आजे-पणजे शोधून झालेत, आता दुसऱ्यांचे शोधतात. मला म्हणाल्या, मेलेली माणसं बरी, कुठे पळून जात नाहीत.

१७ ऑगस्ट

इथले मित्र विनय आणि विनीता जेवायला आले होते. बाबांच्या वेळी माझं जाणं झालं नाही, तो विषय निघाला. विनय म्हणाला, "काय करणार यार? आता कोण देशाबाहेर पडतंय? परत येताना व्हिसा स्टॅम्पिंगला अडकलं की जॉब गेला. काकांना कळलं असणार." विनीता म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका." राधिका आत पोळ्या करत होती. मी त्यांना आणखी आमटी वाढली.

रुहीने टेबलावरचा कागद पाहिला. "बाबा, हू इज भिवा?"

"बोटीवर होता. आपल्या घरातला."

"डिड ही कम बॅक?"

आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं! म्हटलं, बघतोय.

२५ ऑगस्ट

सापडला.

भिवा, बापाचं नाव सावळा, गाव आमचंच. खलाशी. वय वीस. १८७८ साली एडनला तापाने मृत्यू. सोबतचं सामान — घोंगडी एक, पितळी लोटा एक, सदरे दोन.

म्हणजे बाप वारला तेव्हा भिवाला मरून एकवीस वर्षं झाली होती. तो येणार कुठून? आणि आम्ही त्याला नावं ठेवत बसलो. मागे राहिलेल्या मुलाचं जन्मसाल कुठेच नाही. हिशेब थोडा ताणावा लागतो, पण बसतो.

अथर्वला लगेच फोन केला. तो म्हणाला, "बाबा असते तर कागद उलटासुलटा करून बघितला असता. पण पुरावा आहे ना? मग अमावास्येला वाढतो पान."

२६ ऑगस्ट

सकाळी सातपर्यंत झोप लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. यंदा घरी गणपती नाही. विनयकडे आरतीला राधिका आणि रुही गेल्या. मी गेलो नाही.

१५ सप्टेंबर

अथर्वने कृष्णाआजीला व्हिडिओ कॉलवर आणलं. ही बाबांची आत्या. त्र्याण्णव वर्षांची. ऐकू कमी येतं, बाकी सगळं जागेवर. तिला भिवाची बातमी सांगितली. वाटलं, बरं वाटेल तिला.

म्हणाली, "एडनाक मेलो तो थोरलो. माझो आजो धाकटो."

दोन भाऊ होते. थोरला भिवा एडनला वारला आणि त्याच वर्षी त्याच्या आईला आणखी एक मुलगा झाला. गेलेल्याचं नाव घरात राहावं म्हणून त्याचंही नाव भिवाच ठेवलं. धाकटाही मोठा होऊन बोटीवरच गेला. आमचा तो.

मी म्हटलं, "आजी, नक्की? खूप जुनी गोष्ट आहे."

"शिकलेलो मां तू? माझ्या बापाशीचा नाव काय?"

"सावळा."

"जितो आजो घरात असताना त्याचा नाव नातवाक कोण ठेवता?"

अथर्व मागे हसला. मीही हसल्यासारखं केलं. आजा वारल्यानंतर दोन महिन्यांनी तिचे वडील जन्मले, म्हणून ते सावळा. म्हणजे जन्म १८९९ चा. एडनला १८७८ साली मेलेल्या माणसाचा मुलगा १८९९ साली कसा होईल?

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत हे आमच्याकडे पोरालाही कळतं. मी तिकडे बघितलंच नाही.

१६ सप्टेंबर

अभिलेखागाराला पुन्हा ईमेल. १८९७ पासून पुढच्या याद्या मागवल्या. आल्याच नाहीत तर बरं.

२८ सप्टेंबर

याद्या आल्या. भिवा, बापाचं नाव सावळा, वय एकवीस. सहीच्या जागी फुली. वर्तणूक उत्तम.

सप्टेंबर १८९८ मध्ये बोटीवर चढला, ३ फेब्रुवारी १८९९ ला मुंबईत उतरला. ११ एप्रिलला मुंबईतच दुसऱ्या बोटीवर चढला. मधे सदुसष्ट दिवस. बाप वारला १८ मार्चला. मुंबईहून आमच्या देवगड बंदराला तेव्हा आगबोट जायची, फार तर दीड दिवस.

त्यानंतरच्या पाच वर्षांत सात वेळा मुंबईला उतरलाय. प्रत्येक वेळी धडधाकट. मग कागद संपतात.

२९ सप्टेंबर

अथर्वला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, पान वाढायची तयारी चालली होती.

तो म्हणाला, "मग थोरल्याचं वाढू, दादा. त्या बिचाऱ्याला तर आपण विसरूनच गेलो होतो."

"आणि धाकट्याचं?"

"त्याचं कशाला? मुंबईत बसून होता. तुझ्यासारखी अडचण थोडीच होती त्याला."

मी म्हटलं, बरोबर आहे.

१ ऑक्टोबर

सदुसष्ट दिवस त्याने काय केलं असेल? कुठेतरी खोलीवर पडून राहिला असेल. गावचं कोणी भेटलं तर सांगत असेल, बोट सुटायची आहे, मालक सोडत नाही.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

अथर्वने पानांचा फोटो पाठवला. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. थोरल्या भिवाचं पान कडेला.

फेब्रुवारीत माझ्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का नोव्हेंबरपर्यंत चालणारा होता. जाऊन परत येता आलं असतं. राधिकाच्या पासपोर्टातही तीच तारीख आहे. ती आजवर काही बोललेली नाही.