बिनगव्हाचं कवच

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण आई पलीकडच्या खोलीतून कान टवकारून ऐकते आणि मग दिवसभर फुगून बसते. म्हणून पत्र.

डॉक्टरांनी आईचा गहू बंद केला त्याला आता बरेच महिने झाले. गव्हातलं ग्लुटेन आपल्या आतड्यांना चालत नाही हे आईला समजलंय, पण जन्मभर टार्टचं दुकान चालवलेल्या बाईला ते पटणार कसं? दुकानाला कुलूप लागलं आणि तिची खाण्यावरची वासनाच उडाली. ताटात चिवडत बसते. वजन उतरतच चाललंय. पुढच्या तपासणीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

मध्यंतरी तिने आपणहून सांगितलं की लिंबाचा टार्ट मिळाला तर खाईन. झालं, मी कंबर कसली! दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि घरी आल्यावर तांदळाचं पीठ, बदामाची पूड, लोणी घेऊन बसायचं. टार्टचं बाहेरचं कवच लाटलं की चिरा पडतात, उचललं की तुकडे होतात, भाजलं की नुसती वाळू. आई चिमटीत धरून बघते आणि हा भुसा कुठल्या घोड्यासाठी केलास म्हणून विचारते. तू हॉटेलच्या भट्टीवर रोज हेच करतोस ना? मग काहीतरी सुचव रे. मी मेटाकुटीला आले आहे.

तुझा लोभ आहेच. या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
बारकी

१५ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. घोड्याचा टोमणा मीही खाल्लेला आहे, तोही गव्हाचं पीठ हाताशी असताना.

गव्हाचं पीठ स्वतःला धरून ठेवतं, तांदळाचं ठेवत नाही. त्याला धरणारं काहीतरी द्यावं लागतं. तर चमचाभर इसबगोल पाण्यात भिजवून त्याचा चिकट गोळा झाला की पिठात घाल. दात काढू नकोस, पोट साफ करण्यापलीकडेही त्याला बुद्धी आहे. लोणी थंडगार घे. एका अंड्याचा बलक घाल. गोळा फ्रिजमध्ये चांगला गार होऊ दे आणि बेकिंगच्या दोन कागदांच्या मध्ये ठेवून लाट. तरी तुटलंच तर तुकडे साच्यात बोटांनी दाबून बसव. कवच आहे ते, काचेचं भांडं नाही.

मी स्वतः आलो असतो, पण इथले दोन आचारी एकदमच सोडून गेले आणि मला रजा मागायचं तोंड राहिलं नाही. सगळा भार तुझ्यावर पडतो, याची लाज वाटते.

जिवाला जप आणि माझ्यावर फार रागावू नकोस.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कवच जमलं! इसबगोलाचा विजय असो. गोळा असा गुण्यागोविंदाने वागला की आई दुकानातला एप्रन चढवून आली, मला बाजूला सारलं, वरचा कागद काढून टाकला आणि स्वतः लाटायला लागली. दुकान बंद झाल्यापासून प्रथमच. दोन टार्ट खाल्ले तिने. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आणि संध्याकाळी पुन्हा तेच, गहू बंद होण्याआधीचं. उलट्या, पोटात कळा. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. पीठ नवीन, डबे नवीन, लाटणं-पोळपाट नवं, ओटा मी घासून घासून धुतला. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय, शोधा. कुठे शोधू, दादा? माझ्याच हातून तिला काहीतरी चारलं जातंय या विचाराने मला आता तो साचा हातात घ्यायची भीती वाटते. तपासणी तोंडावर आली आहे. पुन्हा करायचं धैर्य नाही, आणि नाही केलं तर ती जेवत नाही.

काय करू ते कळव.

दमलेली,
बारकी

७ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कामावरून सुटल्यावर पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं काही चुकलेलं नाही, हे आधी डोक्यात घे.

आईच्या शेजारी उभा राहून मी शिकलो, म्हणून विचारतो. लाटताना पिठी लावायला तिने कधी डबा उघडलेला तुला आठवतो? मला आठवत नाही. तिची पिठी एप्रनच्या उजव्या खिशात असायची. बोलता बोलता हात खिशात जायचा आणि भुरभुरून मोकळा व्हायचा. तिला कळायचंही नाही. दुकान बंद केल्यावर तो एप्रन कुणी धुतला का? खिसा बघ.

लगेच कळव, वाट पाहतो.

तुझा,
दादा

१२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खिशात मूठभर गव्हाचं पीठ निघालं.

आईला दाखवलं. तिने हात तेवढा उलटसुलट करून पाहिला आणि आत निघून गेली. एप्रन मी उकळत्या पाण्यात टाकला. ती माझ्याशी बोलत नाही. मला भांडायचंही त्राण नाही.

बाकी काय लिहू?

बारकी

२० एप्रिल

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

पत्र माझं आहे म्हणून दचकू नकोस. पोटातल्या कळा थांबल्या आहेत. तपासणी झाली. वजन वाढलेलं नाही, पण उतरलेलंही नाही. डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलं.

माझ्याच हातावर मी फार रागावले होते. आयुष्यभर ज्याच्या जिवावर खाल्लं तोच घात करतो म्हटल्यावर बोलायचं कुणाशी? पोरीला वाटलं मी तिच्यावर रुसले.

काल ती कामावरून आली. तोंड धुऊन कवचाला लागते म्हणाली आणि पायातले बूटही न काढता खुर्चीतच झोपली. तोंड उघडं, एवढंसं झालेलं. मी उठवलं नाही. म्हटलं, आपणच करू, त्यात काय मोठंसं!

तुटलं रे. उचललं की तुटलं. पुन्हा गोळा केला, पुन्हा तुटलं. इतक्या वर्षांत माझ्या हातचं कवच असं कधी फाटलं नव्हतं. शेवटी तुकडे साच्यात बोटांनी दाबत बसले आणि दाबता दाबता लक्षात आलं, की हेच ही पोर रोज करते. दिवसभर उभी राहून आल्यावर. वर माझी बोलणी ऐकून.

तेव्हा यापुढे पिठाचं जे काही सांगायचं ते तिला लिहू नकोस. मला लिही. मला येतं असं धरून चालू नकोस, पहिल्या दिवशी आलेल्या उमेदवाराला सांगतोस तसं सगळं सांग. तिला आता झोपू दे.

आशीर्वाद माझ्याकडे पुष्कळ आहेत, लागतील तेवढे घे. शिकवणी मात्र लवकर पाठव.

तुझी,
आई