गायरानावरचा नारळ

५ सप्टेंबर १९९४, पोळा
वही, माफी असावी. आखाड गेला, श्रावण गेला, आणि तुला आज उघडतो आहे. छातीत धडधडत होतं. डॉक्टर म्हणतो गॅस आहे. मला तसं वाटत नाही. मला वाटतं गायरान आहे.
औरंगाबादची एक पार्टी आमच्या गायरानावर हॉटेल, पोहायचा तलाव आणि दुकानांची लाईन बांधणार. सरपंच भुजंग त्याला विकास म्हणतो. गावाची जनावरं मग चरायची कुठं? माझी विधवा बहीण तुळजाबाई शेळ्यांवर जगते. शेळ्या गेल्या तर या वयात ती कोणाच्या बांधावर मजुरीला जाईल? हा विचार आला की धडधड वाढते.
निश्चय: पार्टीला गायरानावर पाय ठेवू द्यायचा नाही.

८ सप्टेंबर
मारुतीच्या पारावर बैठक. बायाच जास्त. मी चौथी पास, शिवाय वयानं मोठा, म्हणून विरोध समितीचा अध्यक्ष मीच. तुळजा म्हणाली, दादा, तू निस्ता बस, बोलायचं आमी बघतो. मोठ्या भावाला त्रास नको, हा तिचा हेतू.

१५ सप्टेंबर
जालन्याला मोठ्या साहेबांना, म्हणजे कलेक्टरला, भेटायला जाणार होतो. एस.टी. आली, पण उभ्यानं जावं लागणार होतं. अध्यक्षानं दांडीला लोंबकळणं बरं दिसत नाही. बाया गेल्या. साहेब त्यांना म्हणाले, दसऱ्यानंतर स्वतः येतो. गावाचा खरोखर विरोध दिसला तर मंजुरी देणार नाही.
म्हणजे काम झालं. मी इथं राहून वातावरण सांभाळलं. त्यावर द्वारकाबाई म्हणाली, वातावरण सांभाळलं म्हनं! म्हैस सुटून कपाशीत गेल्ती, ती कोनी सांभाळायची? बायको म्हणून काहीही बोलते.

२ ऑक्टोबर
भयंकर बातमी. मंजुरी नसताना पार्टी दसऱ्यालाच भूमिपूजन करणार. आणि नारळ कोण फोडणार? भुजंग!
दसऱ्याला गायरानावर पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा आहे. आजोबांपासून. सीमोल्लंघनाला गेलेलं सगळं गाव थांबतं. आमचा नारळ फुटला की मगच आपट्याला हात लावतात. भुजंगच्या घराला पोळ्याच्या पहिल्या बैलाचा मान आहे, त्यानं तेवढ्यात राहावं. रागानं जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

६ ऑक्टोबर
पार्टीचा मॅनेजर केशवराव घरी आला. पांढरे बूट. मी स्पष्टच बजावलं की तिथं आमच्या घराशिवाय दुसऱ्याच्या हातानं नारळ फुटला तर मी आडवा पडेन. त्यानं शांतपणे ऐकलं, चहा पिला आणि म्हणाला, बाबा, बिलकुल बराबर. मान तुमचाच. नारळ तुम्हीच फोडायचा.
पार्टी पहिल्याच दणक्यात नमली.
लगेच तुळजाला सांगायला गेलो. तिचा धार काढता काढता हात थांबला. म्हणाली, दादा, नारळ कोनाचा फोडून राह्यलास तू? म्हटलं, आपल्या घराचा. म्हणाली, अन् त्याच्यामागून कुदळ कोनाची पडणार हाय?
तिला डावपेच कळत नाहीत. नारळ फोडायचा आणि तिथंच सगळ्यांसमोर विरोधाचं भाषण ठोकायचं. माईक त्यांचा, खर्च त्यांचा.

१४ ऑक्टोबर, दसरा, दुपार
भाषण पाठ आहे. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, ही जमीन’ इथं जरा अडतं. पुढं मग धडाधड येतं. निघतो.

संध्याकाळ
माझा फेटा उतरवून पार्टीच्या माणसांनी नवा बांधला. शाल घातली. नारळ एका फटक्यात फुटला, दोन सारखी भकलं. फोटोवाल्यानं दुसरा नारळ देऊन पुन्हा फोडायला लावला. भाषणाची वेळ आली तेव्हा फेटा कानावर घसरला होता आणि लोक जेवणाकडं बघत होते. मी ‘धन्यवाद’ एवढंच म्हणालो. पण ज्या सुरात म्हणालो त्यात विरोध स्पष्ट होता.
बाया आपट्याला हात न लावताच परत गेल्या. तुळजानं या वर्षी मला सोनं दिलं नाही. घाईत असेल.

१७ ऑक्टोबर
पेपरात फोटो आला. बरा आहे. खाली छापलंय: विरोध समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते भूमिपूजन, गावाची संमती. छापणाऱ्याची चूक. निश्चय: खुलासा पाठवायचा.
भुजंग रस्त्यात भेटला. पाया पडला आणि म्हणाला, अण्णा, तुमी नसता तर साहेबाला आमी काय दाखिवलं असतं?
छातीत पुन्हा गॅस.

२३ ऑक्टोबर
साहेब आलेच नाहीत. फोटो पाहिला म्हणे, यायची गरज राहिली नाही. मंजुरी निघाली. गायरानाला तारेचं कुंपण पडतं आहे. खुलासा ‘मा. संपादक’पर्यंत झाला आहे.
तुळजाकडं गेलो. दावणीला दोनच शेळ्या. बाकीच्या हसनाबादच्या बाजारात गेल्या. चारा कुठून आणू, म्हणाली. मी समजावायला लागलो की मान सोडला असता तर भुजंग डोक्यावर बसला असता. ती म्हणाली, राह्यला ना तुझा मान? मंग झालं, दादा. चहा घेतोस?
ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर
बाया जालन्याला उपोषणाला बसल्या आहेत. मला कोणी कळवलं नाही. अध्यक्षाला न विचारता उपोषण नियमात बसत नाही. द्वारकाबाईसुद्धा गेली. जाताना भाकरी झाकून गेली.
जाणार होतो. स्टँडपर्यंत गेलोही. पण जाऊन त्यांच्यात बसलो आणि एखादी उठून गेली तर? परत आलो. गायरानाकडून मशीनचा आवाज येतो आहे, दुपारपासून थांबलेला नाही.
तुळजे, तिकडून कोणी येणारं असेल तर त्याच्या हाती निरोप धाड. लवकर धाड. निस्तं ‘ये’ म्हटलंस तरी चालेल.