पंपाच्या बटणाकडे गेलेला हात

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन सात महिने झाले. तुम्ही असताना आपण बापलेक कधी फार बोललो नाही, मग आता पत्र कशाला? उद्या सकाळी मालक मला सगळ्या कामगारांसमोर उभं करून बोलायला लावणार आहेत. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

सोमवारी दुपारी बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेना. चिंचोळीच्या त्याच टॉवेलच्या कारखान्यात, तुम्ही तीस वर्षं सांभाळलेल्या जागेवर. पंप आपोआप चालू करणारं यंत्र अडकलं होतं आणि मी काच बघायला उशीर केला होता. खाली आग पूर्ण पेटलेली. भिंतीपलीकडे बायका टॉवेलांच्या घड्या घालत बसलेल्या.

सुपरवायझर धावत आला. "बघत काय उभारलायस? पाणी संपलंय तर पाणी सोड की. रंगातला सगळा माल वाया जाईल."

मी पंप लावला नाही. लाकूड टाकणं थांबवलं, आगीला वारा देणारे पंखे बंद केले आणि सगळ्यांना शेडबाहेर काढलं.

"बापावरच गेलाय," तो म्हणाला. "त्यो चहाबी गार करून प्यायचा."

ते तुम्हाला असं हसतात, हे तुम्हाला माहीत होतं का? मला होतं. नवीन नोकरीला लागलो तेव्हा मला त्याची लाजही वाटायची. अक्कलकोटला जायचं तर तासभर आधी एसटी स्टँडवर नेऊन बसवणारे तुम्ही. जेवताना बोलायचात तेही एवढंच, "काचेत पाणी न्हाय दिसलं तर आदी आग बंद कर. तापल्या लोखंडावर गार पाणी सोडलं की बॉयलर फुटतो. मग इचारायला कुणी ऱ्हात न्हाय."

बॉयलर गार झाल्यावर तपासायला आलेल्या माणसाने आत बघितलं. नळ्या कोरड्या पडून वाकल्या होत्या. पाणी सोडलं असतं तर शेड राहिली नसती, असं तो म्हणाला. सुपरवायझर माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा घे की."

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन पोटभर जेवलो.

एका गोष्टीचा राग मात्र आहे. तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. तुम्ही म्हणालात, "घाई कशाला? दिवाळीपातूर बघू." तिथे थांबायला नको होतं, अण्णा. बॉयलरपुढे जे नेमकं कळायचं, ते स्वतःच्या बाबतीत का कळलं नाही? आणि मीही का ऐकलं तुमचं? तुम्हाला उचलून न्यायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. सगळे म्हणतात, मी डोकं शांत ठेवलं. तसं नाही. सुपरवायझर यायच्या आधीच माझा हात पंपाकडे गेला होता. बोट बटणाला टेकलं होतं. तुमचं बोलणं आठवलं म्हणून थांबलो, असं सांगायला बरं वाटेल, पण आधी नुसती भीती वाटली. हात मागे आला. तुमचे शब्द त्यानंतर आठवले. तुम्हालाही रोज अशीच भीती वाटायची का? मग मला कधी सांगितलं का नाही?

उद्या उभा राहिलो की शाबासकी घेण्याआधी हेच सांगेन. काच बघायला उशीर झाला तेही सांगेन. मालक चिडले तर चिडोत. माझ्या जागी उद्या जो कोणी येईल, त्याचाही हात आधी त्या बटणाकडेच जाणार आहे.

तुमचा,
सुधीर