तोंडाला रुमाल, कमरेला ढोल

पप्पा, स्वाइन फ्लूच्या वर्षातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्ही गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी गणपती जवळ आले की ती मला आतून टोचते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजं बंद, मेडिकलमधले मास्क संपलेले, आणि अख्खं सातपूर तोंडाला रुमाल बांधून, खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी घेऊन हिंडत होतं. मम्मी तर ती पुरचुंडी हुंगल्याशिवाय दारसुद्धा उघडायची नाही. मला मात्र, खरं सांगते, त्या दिवसांत फार मजा येत होती. नातेवाइकांत मी मुखदुर्बळ म्हणून प्रसिद्ध. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझे कान तापायचे. रुमालामुळे तोंड दिसेनासं झालं आणि मी लोकांकडे मान वर करून बघायला लागले. मग मी खरी कोणती, आधीची की ही, हे काही मला कळेना. सगळं गाव घाबरलेलं असताना मी एकटी धीट होत होते.

त्या वर्षी मंडळाचे निम्मे ढोलवाले त्यांच्या आयांनी घरात कोंडून ठेवले. तुम्ही ताशावाले, कंपनीतून आलात की जेवता जेवता ताटाच्या कडेवरही बोटं वाजवणारे, आणि त्या आठवड्यात तुमची बोटं गप्प होती. तुम्हाला चहा देता देता मी म्हणाले, "मी वाजवू का ढोल?" लोक काय म्हणतील, असं मम्मीने लगेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "लोकांना कळलं तर पाहिजे ना कोण हाय ते. रुमाल हाय तिच्या तोंडाला. हात बघू दे." पुढे मैदानावर तुम्ही मला रोज रडवलंत. "भाकरी थापायला नाय आलीस इथं. मिरवणुकीत चुकलीस तर तिथंच ढोल सोडायला लावीन, मुलगी म्हणून माफी नाय." तळहाताची सालं निघाली, तरी मी गुणगुणत घरी यायचे. ढोल सुटला तर आपण पुन्हा ती जुनी मुकी मुलगी होऊ, एवढीच धास्ती होती.

आपल्या पथकाची एक गंमतच होती. चाल बदलायच्या आधी तुम्ही जीभ दातात धरायचात, आणि सगळे ढोलवाले ते बघूनच चाल बदलायचे. दुसरी कुठली खूण कधी कोणी ठरवलीच नाही. सरावात तुमचा रुमाल गळ्यात असायचा. गणपती आणायच्या दिवशी मात्र अध्यक्षांनी सगळ्यांना रुमाल वर बांधायला लावले, तुम्हालाही, आणि त्यात काय घोटाळा होईल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्याच चौकात सगळे तुमच्या रुमालाकडे बघत तीच ती चाल बडवतायत. थांबायचं नाव नाही. तेवढ्यात माझा ढोल पुढच्या चालीवर जातो, तुमचा ताशा त्याला येऊन मिळतो, बाकीचे माझ्याकडे बघून वळतात. काय सुख होतं ते, पप्पा. रस्ता नुसता हलत होता.

"पोरीनं माझे डोळे वाचले. बाकीचे तोंड बघत बसले," हे तुम्ही चहाच्या टपरीवर, कंपनीत, दिंडोरीच्या आत्याकडे, भेटेल त्याला सांगत सुटलात. मीही तीच मुलगी होऊन बसले. नोकरीच्या मुलाखतीला गेले तीसुद्धा तीच होऊन.

पण मी डोळेबिळे काही वाचले नव्हते. घामाने टिपरू हातातून निसटलं, ते सावरताना ठोका चुकला आणि पुढचीच चाल वाजली. आता तुम्ही ढोल काढून घेणार म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. आज मी स्वतः ताशा वाजवते, म्हणून कळतं, की तुमचे हात तेव्हा अजून जुन्याच चालीवर होते आणि माझी चूक ऐकून तुम्ही वळलात. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्हाला लिहिलेले हे कागद काही कुठे जायचे नाहीत, म्हणून सांगते: डोळे वाचल्याची गोष्ट मी अजून तुमच्यासारखीच रंगवून सांगते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.