किती शिट्ट्या झाल्या?

५ जानेवारी, रविवार

सुटले! याही वेळी सुटले!

काल कालिदास नाट्यगृहात जुन्या सिनेमागीतांचा ऑर्केस्ट्रा होता. तिकीट आठव्या रांगेतलं घेतलं, कारण पुढे उजेड फार पडतो. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकीवाल्याने जे काही केलं, त्यावर गप्प बसणं म्हणजे पाप! मी बसले नाही. अशी सणसणीत शिट्टी ठेवून दिली की बाल्कनीतल्या माना खाली वळल्या. आयोजकांचा बिल्लेवाला कार्यकर्ता बॅटरी घेऊन धावत आला आणि थेट माझ्या मागच्या खुर्चीपाशी थांबला. तिथे एक मिशीवाले गृहस्थ होते, पांढरा सदरा, पांढरी टोपी.

"काका, शिट्ट्या मारू नका. फॅमिली बसलीय."

"आवो, मला शिट्टी येती तर रोज पिंपळगावच्या कांदा लिलावात घसा कशाला फोडला आस्ता?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. नाराजीने! हात मांडीवर, पर्स हातांत, नाकावर चष्मा. पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त झालेल्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईवर कोण संशय घेणार? लोकांना वाटतं, मोठी शिट्टी मारायला तोंडात बोटं घालावी लागतात. लहानपणी सायखेड्याला बाजरीची राखण करताना माझे दोन्ही हात गोफणीत असायचे. बोटं घालायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून खालचा ओठ दातांवर ओढून, जीभ मागे घेऊन वाजवायला शिकले. आई म्हणायची, पोरीच्या जातीला शोभत नाही. वडील म्हणायचे, शोभू नको दे, कणसं वाचतात.

हे शेजारच्याच खुर्चीत डोळे मिटून, गुडघ्यावर ठेका धरून. पूर्वी काय भडकायचे! "कोणाचं हे टवाळ कार्टं? आईबापांनी काही वळण लावलंय की नाही?" आणि मी म्हणायचे, "नाहीतर काय!" त्या "नाहीतर काय"मध्ये शिट्टीपेक्षा जास्त मजा होती. आताशा ओरडत नाहीत. सवय झाली असणार. येताना गाडीवर मध्येच विचारलं, "बरी आहेस ना गं?" हल्ली प्रत्येक कार्यक्रमानंतर हेच. मला काय धाड भरलीय!

६ जानेवारी

यांचं मत — हल्लीचे बासरीवाले नुसते हातवारे करतात. परवाचा चांगला घाम गाळत होता बिचारा. जाऊ दे, वाद कोण घालणार.

१४ जानेवारी, संक्रांत

वत्सलाबाईंनी खालून तिळाच्या वड्या पाठवल्या. गोड बोला म्हणे. त्या वडीने एखाद्याचं डोकं फुटेल! खालचे पुढचे दोन दात आधीच डळमळत होते, आता तर जिभेने ढकलले तरी हलतात.

१६ जानेवारी

दातांच्या डॉक्टर सायली, वय पंचविशीचं. आत बघून म्हणाली, "काकू, हे दोन्ही काढावे लागतील. हिरडीत पू आहे. मग मस्त नवे बसवू."

मला एकच प्रश्न विचारायचा होता. विचारला. "नंतर शिट्टी?"

"अजिबात नाही!" तिने माझ्या हातावर हात ठेवला. "सगळ्यांना हीच भीती असते. पण बोलताना एवढीसुद्धा शिट्टी येणार नाही. माझी गॅरंटी."

अगं पोरी!

पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. बाहेर पडले. जिन्यात कोणी नाही असं बघून हळूच वाजवून पाहिली. वाजते अजून. दात हलले, पण वाजली.

२० जानेवारी

कालिदासला बोर्ड लागला!! २२ फेब्रुवारी, तीस वादकांचा ताफा, आणि गाण्यांच्या यादीत "ते" गाणं. माझं शिट्टीचं गाणं!

हिरो उसाच्या गाड्यामागून सायकलवर चाललाय, आणि कडव्यांच्या मध्ये शिट्टी. कोणी वाजवली, त्याचं नाव तबकडीवर नाही, सिनेमाच्या पाटीवर नाही. जत्रेतल्या तंबूत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी राखणीला बसले आणि दिवसभर तेवढाच तुकडा वाजवत राहिले. पाखरं निवांत ऐकत बसली, कणसं खाऊन गेली. वडिलांनी त्या दिवशी मात्र पाठीत धपाटा घातला.

आजवर जेवढ्या ऑर्केस्ट्रांत ऐकलं, तेवढ्यांत तो तुकडा कीबोर्डवर. प्लास्टिकची शिट्टी! त्यात थुंकी नाही, दम नाही, काही नाही. माझ्या मनात किती वर्षं आहे की एकदा, एकदाच, तो तुकडा भरल्या नाट्यगृहात खराखुरा वाजावा. आरोळीसारखी शिट्टी नव्हे — सुरात, अख्खा तुकडा. धीर झाला नाही कधी. आरोळी मारून लपता येतं, गाणं वाजवून कसं लपणार?

पण आता हे दात गेले की संपलंच.

२१ जानेवारी

दवाखान्यात फोन केला. "घरात कार्य आहे, महिनाभर जमणार नाही." "कोणाचं लग्न आहे, काकू?" म्हटलं, "जवळच्यातलंच."

३ फेब्रुवारी

डाळीचा कोळसा! "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा," एवढं सांगून भाजी आणायला खाली उतरले. हे कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले! "झाल्याच नाहीत," म्हणे. वत्सलाबाई खालच्या मजल्यावरून ओरडल्या, "अहो सुनीलराव, नऊ झाल्या! मी मोजल्या!" आळसालाही काही सीमा असते.

१५ फेब्रुवारी

सराव. सगळे नळ सोडून न्हाणीघरात. पुढच्या दातांनी चावणं बंद, गरम बंद, गार बंद. शिरा आणि मऊ भात. मीठ-पाण्याच्या गुळण्या. हे म्हणाले, "एवढं दुखतंय तर काढून का टाकत नाहीस?" म्हटलं, "मुहूर्त नाही."

२३ फेब्रुवारी, रविवार

वाजवली!!

 नीट लिहिते.

गाणं मध्यंतरानंतर आलं. पहिल्या कडव्याच्या आधी कीबोर्डवाल्याने तीच प्लास्टिकची वाजवली. मी गप्प. तोंडाला कोरड. मनात म्हटलं, राहू दे ज्योत्स्ना, म्हातारपणी शोभा नको. मग दुसऱ्या कडव्याच्या आधी जीभ आपोआप मागे गेली. पहिला सूर जरा घसरला. दुसरा बसला. आणि मग — मग मी सायखेड्याला होते, राखणीच्या माळ्यावर, खाली सगळी बाजरी!

कीबोर्डवाल्याने चार सूर वाजवले, मान वर केली, अंधारात बघितलं आणि चक्क दोन्ही हात उचलून घेतले. उरलेला अख्खा तुकडा मी एकटीने! मागे व्हायोलिनं होती माझ्या. माझ्या मागे व्हायोलिनं! तुकडा संपला आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. माना वळल्या. या वेळी मी पर्सकडे बघितलं नाही, चष्मा सावरला नाही. बसले तशीच, ओठ पुसत. रक्ताची चव लागत होती. लागू दे.

हे दचकून डोळे उघडून विचारतायत, "टाळ्या कशाला? कोण आलं?"

बाहेर हे गाडी काढायला गेले, तर समोर तेच मिशीवाले लिलाववाले! दोन रांगा सोडून बसले होते. हात जोडून म्हणाले, "मी खंडेराव. ताई, तुमच्यापायी मागल्या टायमाला बोलणी खाल्ली मी. पण आज फिटलं सगळं. लय भारी!" मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनीही ठेवलं.

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं. मग गाडीवर, मुंबई नाक्याच्या सिग्नलला, हे म्हणाले, "तुझं ते शिट्टीचं गाणं. शिट्टीचे तुकडेच गाळले की गं त्यांनी! नुसती व्हायोलिनं वाजवली."

 असला राग आला! डोळे मिटून झोपा काढतात आणि वर परीक्षण! साऱ्या नाशिकने ऐकलं, आणि शेजारच्या खुर्चीने नाही!

२४ फेब्रुवारी

सकाळी हे गॅलरीत, पाठमोरे, पेपर वाचत. मला कुकर आठवला. बासरीवाला आठवला. 

पाठीमागे उभी राहिले आणि तुकडा वाजवला. हळू. काही नाही. मोठ्याने. काही नाही. मग पाखरांची वाजवली, पूर्ण दमाची. समोरच्या बदामावरचे पोपट उडाले. खालून वत्सलाबाईंनी खिडकी उघडून विचारलं, "कोण रे तो मवाली?" यांनी पेपरचं पान उलटलं.

कुकर लावला. मग रडले.

मी एवढी हुशार, एवढी बिलंदर, शेजारी बसून पत्ता लागू दिला नाही म्हणून स्वतःवर खूश! पोलीस केव्हाचाच घरी गेला होता आणि चोर आपला एकटाच लपाछपी खेळत होता. यांचं ओरडणं बंद कधी झालं? दोन वर्षं? तीन? मला आठवतही नाही. शेजारी बसून मी याचा हिशेब ठेवला नाही.

२५ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "मला सगळं ऐकू येतं. मशीन म्हातारे लावतात."

"तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात."

"मग? दात तर तुझे पडतायत!"

तेही खरंच. मग सौदा केला. आधी यांचा कान, मग माझे दात. दोघांनाही डॉक्टरची भीती, तेव्हा सौदा बरोबरीचा. का, ते सांगितलं नाही. तोंडाने सांगून काय उपयोग? इतक्या वर्षांची खोडी आहे, ती ज्याची काढली त्याला ऐकूच आली पाहिजे. आणि ती ऐकवायला दात हवेत!

२८ फेब्रुवारी

कानाचे डॉक्टर म्हणाले, बोलणं ऐकू येतं, ठेका ऐकू येतो, पण बारीक, उंच सूर गेलेत. पक्षी, बासरी, कुकर. हळूहळू जातात, माणसाला कळतही नाही. मशीनने बरंच परत येईल. कानाच्या मापाचं करायला वेळ लागणार.

हे बाहेर आले, चपला घातल्या. मग म्हणाले, "म्हणजे बासरीवाले चांगले होते?"

"चांगले होते."

"अरेरे."

६ मार्च

हनुवटी सुजली. डॉ. सायली फोनवर कडाडली, "काकू, अजून कसलं कार्य राहिलंय? उद्याच या!" म्हटलं, फक्त सत्यनारायण राहिलाय. तिने गोळ्यांची नावं सांगितली आणि जास्तीत जास्त बुधवारपर्यंत, असं बजावलं. वरणाचं पाणी पितेय. एक दात आता जवळजवळ नावालाच आहे. गणपतीला सांगितलंय, तेवढं मशीन येईतो धर रे बाबा.

१० मार्च

नाही आलं. उद्या म्हणतात.

११ मार्च, मंगळवार

आलं. कानात घातल्याबरोबर पंखा बंद करायला लावला — "केवढा कोकलतो हा!" मग गॅलरीत जाऊन उभे राहिले, पोपट ऐकत.

मी स्वयंपाकघराच्या दारातून वाजवली. अख्खा तुकडा. दुखलं.

हे वळले नाहीत. मला वाटलं, गेलं, मशीनही फुकट. मग पाहिलं तर यांचे खांदे हलत होते.

"आलं का परत ते टवाळ कार्टं?" म्हणाले. "मला वाटलं, तू सोडून दिलंस. दर कार्यक्रमाला वाट बघत बसायचो गं."