मॉनिटर मीच निवडला

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७

काल लिहिलं ते चूक. कॉम्प्युटरचा मॉनिटर ठाण्याच्या दुकानदाराने निवडून दिला असं लिहिलंय, पण त्याने दुसराच दाखवला होता. ‘लग्नपत्रिका डिझाइन करायच्या तर हा घ्या, रंग फिके दिसतील पण कागदावर तसेच उतरतील. तो झगझगीत गेमसाठी बरा.’ हे सगळं आम्ही इंग्रजीत बोललो. सुरुवात मीच केली, आणि बाबा शेजारीच उभे होते.

‘काय बोलला गो तो?’

‘हाच कामाचा म्हणाला,’ मी झगझगीतावर हात ठेवून सांगितलं. त्यावर गाड्यांची शर्यत चालू होती, नजर हटेना.

आज बाळकुमहून काका आला, तर बाबा त्याला सांगतात, ‘माना काय कलतं? पोरीनी पारखून घेतला.’ काकाने लगेच त्याच्या सुमनच्या लग्नाच्या पत्रिकेचं काम मला दिलं. पत्रिकेतला हळदीचा पिवळा आता कसा छापला जाईल, देव जाणे. मी इंग्रजीत का बोलले? बाबांना कळू नये म्हणूनच ना?

काका रविवारी मजकूर आणणार आहे. त्याआधी, उद्या शनिवारी, पंधरा तारखेला सकाळी, बाबांना खरं सांगायचं आणि मॉनिटर बदलायला जायचं.